स्तनपेशींवर इन्सुलिनचा परिणाम कसा तपासावा: मीडियमपासून मोजणीपर्यंत

एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हा प्रयोग हमखास येतो. संवर्धात वाढवलेल्या स्तनपेशी घ्यायच्या, वेगवेगळ्या मात्रांत इन्सुलिन द्यायचं आणि वाढ मोजायची. ऐकायला दोन ओळींचं काम आहे. तरी माझ्याकडे येणारे आलेख बहुतेक दोनच प्रकारचे असतात. एकात सगळ्या मात्रांना सारखीच उंची, म्हणजे इन्सुलिनचा काही परिणामच नाही. दुसऱ्यात फक्त सगळ्यात मोठ्या मात्रेला उडी, आणि खाली निष्कर्ष, ‘इन्सुलिनने पेशींची वाढ होते’.

दोन्ही आलेखांत चूक इन्सुलिन घालण्याच्या आधीच झालेली असते. पेशी ज्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) आठवडेच्या आठवडे वाढल्या, त्यातच भरपूर इन्सुलिन होतं. किंवा जी मात्रा निवडली ती इतकी मोठी होती की इन्सुलिन स्वतःच्या ग्राहीबरोबर (पेशीवरच्या, संदेश पकडणाऱ्या प्रथिनाबरोबर) शेजारच्या ग्राहीलाही जाऊन चिकटलं. म्हणून या लेखात तयारीवर जास्त शब्द खर्च केले आहेत आणि प्रत्यक्ष इन्सुलिन देण्यावर कमी. उदाहरण एमसीएफ-७ या पेशीरेषेचं (प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या, एकाच मूळच्या पेशींचं) घेतलं आहे, कारण ती जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत असते.

१. आधी पेशी ओळखा

एमसीएफ-७ ही मानवी स्तनाच्या कर्करोगाची रेषा आहे. तिच्यात इस्ट्रोजेनचा ग्राही आहे, इन्सुलिनचा ग्राही आहे आणि आयजीएफ-१ या वाढ-घटकाचा ग्राहीसुद्धा आहे. तिन्ही गोष्टी पुढे पावलोपावली आडव्या येणार आहेत.

निरोगी पेशींसारखं वागणारी रेषा हवी असेल तर एमसीएफ-१०ए घेतात. तिच्या नेहमीच्या मीडियममध्ये घोड्याचं ५% सिरम, ईजीएफ हा वाढ-घटक, हायड्रोकॉर्टिसोन, कॉलरा टॉक्सिन आणि इन्सुलिन एवढं सगळं लागतं. त्यातलं एकटं इन्सुलिन काढलं की बाकीच्यांचा तोल बदलतो, म्हणून पहिल्या प्रयोगासाठी ही रेषा नको. दूध तयार होण्याची प्रक्रिया बघायची असेल तर उंदराची एचसी-११ रेषा योग्य. तिथे डेक्सामेथासोन, इन्सुलिन आणि प्रोलॅक्टिन एकत्र दिल्यावर बीटा-केसिन हे दुधातलं प्रथिन तयार होतं. पण तो विभेदनाचा (पेशी विशिष्ट कामाची होण्याचा) प्रश्न झाला, वाढीचा नाही. दोन्ही एका प्रयोगात कोंबू नका.

रेषा कुठून आणली हे वहीत लिहा. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या (एनसीसीएस) पेशीसंग्रहातून किंवा तशाच अधिकृत संग्रहातून मागवा. शेजारच्या प्रयोगशाळेतून ‘एक फ्लास्क दे ना’ म्हणून आणलेल्या पेशींवर वर्षभराचं काम उभं करू नका. एमडीए-एमबी-४३५ ही रेषा कितीतरी वर्षं स्तनाची म्हणून वापरली गेली आणि शेवटी ती मेलानोमाची निघाली. एसटीआर तपासणी (डीएनएवरून रेषेची ओळख पटवणं) करून घेतली की अशी वेळ येत नाही.

तपासा: गेल्या महिनाभरात मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूची पीसीआर चाचणी झाली आहे का? मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशी वरवर अगदी ठीक दिसतात. मीडियम गढूळ होत नाही, पण वाढीचा वेग आणि चयापचय दोन्ही बदललेले असतात. चाचणी झाली नसेल तर इथेच थांबा.

२. लपलेलं इन्सुलिन शोधा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा वगळला जातो. फ्रीज उघडा आणि पेशींना लागणारी प्रत्येक बाटली टेबलावर काढून तिचं लेबल वाचा.

एमसीएफ-७ साठी नेहमी सुचवलं जाणारं मीडियम म्हणजे एमईएम, १०% गाईच्या गर्भाचं सिरम आणि दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन. हे इन्सुलिन एकदा मीडियममध्ये मिसळलं की बाटलीवर त्याचा उल्लेख राहत नाही. कोणीतरी ‘कम्प्लीट मीडियम’ एवढंच लिहून ठेवतं. आयटीएस नावाच्या पूरकातलं ‘आय’ म्हणजे इन्सुलिनच. बी-२७ मध्येही इन्सुलिन असतं. स्तनपेशींसाठी मिळणाऱ्या तयार किटमध्ये ते वेगळ्या छोट्या कुपीत येतं आणि सवयीने सगळ्या कुप्या एकदम ओतल्या जातात.

सिरममध्येही इन्सुलिन, आयजीएफ-१ आणि आयजीएफ-२ असतात. ‘आम्ही चारकोल लावलेलं सिरम वापरलं’ असं उत्तर मिळतं. चारकोलने स्टेरॉइड हार्मोन निघतात. इन्सुलिनसारखे प्रथिन-घटक त्याने भरवशाने निघत नाहीत.

तिसरी गोष्ट फिनॉल रेड. मीडियमला गुलाबी रंग देणाऱ्या या द्रव्याबरोबर इस्ट्रोजेनसारखी क्रिया करणारी अशुद्धी येते. एमसीएफ-७ ला तेवढंही पुरतं. त्यात इस्ट्रोजेनमुळे या पेशींमध्ये आयजीएफ-१ चा ग्राही आणि ग्राहीचा संदेश पेशीत पुढे नेणारं आयआरएस-१ हे प्रथिन वाढतं, म्हणजे इन्सुलिनच्या संदेशाचा मार्ग आधीच रुंद झालेला असतो. फिनॉल रेड नसलेलंच मीडियम घ्या.

सावधान: रंग नसलेलं मीडियम पिवळं पडून धोक्याची सूचना देत नाही. संसर्ग झाला तरी रंगावरून कळणार नाही. रोज सकाळी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सवय ठेवा.

आता पेशी किमान दोन पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) इन्सुलिन न घातलेल्या मीडियममध्ये वाढवा. कायम इन्सुलिनमध्ये राहिलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राही कमी झालेले असतात, ते परत यायला वेळ लागतो. वाढ थोडी मंदावेल. मंदावली म्हणून घाबरून पुन्हा इन्सुलिन घालू नका.

३. मात्रा मोलरमध्ये ठरवा

कोणी मायक्रोग्रॅम लिहितं, कोणी युनिट, कोणी नॅनोमोलर. तुलना करायची तर सगळं एका मापात आणा. मानवी इन्सुलिनचा रेणुभार ५८०८ आहे. त्यावरून:

१ नॅनोमोलर म्हणजे दर मिलिलिटरला ५.८ नॅनोग्रॅम.
१०० नॅनोमोलर म्हणजे दर मिलिलिटरला ०.५८ मायक्रोग्रॅम.
दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे १७२० नॅनोमोलर.
१ युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम, साधारण ६ नॅनोमोल.

तिसऱ्या ओळीकडे पुन्हा बघा. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी इन्सुलिन साधारण ०.१ नॅनोमोलर किंवा त्याहून कमी असतं. नेहमीच्या मीडियममधली मात्रा त्याच्या हजारो पट आहे. इन्सुलिनचा स्वतःचा ग्राही नॅनोमोलरच्या आसपासच भरून जातो. त्याच्या वर गेलं की इन्सुलिन आयजीएफ-१ च्या ग्राहीला धरू लागतं. तिथे त्याची पकड शंभर ते हजार पटींनी ढिली असते, पण एवढ्या गर्दीत ढिली पकडही चालून जाते. म्हणून फक्त १० मायक्रोग्रॅमची एकच मात्रा देऊन केलेला प्रयोग कोणत्या ग्राहीबद्दल बोलतो आहे हे सांगता येत नाही.

मात्रा अशा ठेवा: ०, ०.१, १, १०, १०० आणि १००० नॅनोमोलर. जोडीला आयजीएफ-१ चा एक कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना), दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम. आणि एक १०% सिरमचा, म्हणजे पेशी मुळात वाढायला तयार आहेत हे कळेल. इस्ट्रोजेनबरोबरचा परिणाम बघायचा असेल तर १ नॅनोमोलर इस्ट्राडायोलची वेगळी ओळ लावा, पण पहिल्या फेरीत नाही.

४. इन्सुलिन विरघळवणं

प्रयोगशाळेच्या दर्जाचं मानवी रिकॉम्बिनंट इन्सुलिन घ्या. औषधाच्या दुकानातली कुपी वापरायचा मोह होतो, कारण ती स्वस्त आणि हाताशी असते. तिच्यात मेटाक्रेसॉल किंवा फिनॉलसारखी परिरक्षकं, जस्त आणि ग्लिसरॉल असतं, आणि तेच मिश्रण बिनइन्सुलिनचं तुम्हाला कुठे मिळणार नाही. म्हणजे कंट्रोलच उरत नाही. शिवाय काही कुप्यांत बदललेले रेणू असतात. ग्लार्जिनची आयजीएफ-१ ग्राहीवरची पकड साध्या इन्सुलिनपेक्षा जास्त आहे.

भुकटी थेट पीबीएस (क्षारयुक्त बफर) किंवा मीडियममध्ये टाकू नका. इन्सुलिनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला रेणूवरचा एकूण विद्युतभार शून्य असतो) साडेपाचच्या जवळ आहे. उदासीन द्रावणात भुकटी नीट विरघळत नाही, दुधासारखी पांढरट राहते. क्रम असा:

अ) ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करा.
आ) १ मिलिग्रॅमला १ मिलिलिटर या हिशेबाने आम्ल घाला. कुपी हळू फिरवा, जोरात हलवू नका. फेस झाला की प्रथिन खराब होतं.
इ) पाण्यासारखं स्वच्छ दिसल्यावरच ०.२२ मायक्रॉनच्या, प्रथिन कमी धरणाऱ्या पीईएस गाळणीतून गाळा. नायट्रोसेल्युलोजची गाळणी नको, ती इन्सुलिन स्वतःच शोषून घेते.
ई) छोटे भाग करून तारीख घालून ४ अंशांवर ठेवा. गोठवणं आणि वितळवणं पुन्हा पुन्हा करू नका. घरात मधुमेही असेल तर फ्रीजमध्ये गोठलेलं इन्सुलिन टाकून देतात हे तुम्हाला माहीतच असेल. इथेही तोच नियम.

हा स्टॉक सुमारे १७२ मायक्रोमोलर होतो. १० मिलिलिटर मीडियममध्ये ५८ मायक्रोलिटर घातलं की १ मायक्रोमोलर मिळेल. तिथून १ भाग आणि ९ भाग मीडियम अशी दहापट पातळ करत खाली या. प्रत्येक पायरीला नवी टिप घ्या.

सावधान: कमी मात्रेतलं इन्सुलिन काचेला आणि प्लास्टिकला चिकटून बसतं. ०.१ नॅनोमोलरच्या नळीत प्रत्यक्षात काहीच उरत नाही आणि ‘कमी मात्रेला परिणाम नाही’ असं लिहिलं जातं. पातळ करण्याच्या मीडियममध्ये ०.१% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) असलंच पाहिजे. तेही मेदाम्लमुक्त, शुद्ध घ्या, कच्च्या बीएसएमधून वाढ-घटकांचे अंश येऊ शकतात.

शून्य मात्रेच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) नुसतं मीडियम नाही, तर सगळ्यात मोठ्या मात्रेबरोबर जेवढं आम्ल जातं तेवढं आम्ल घातलेलं मीडियम जायला हवं. तयार द्रव इन्सुलिन घेतलं असेल तर ते बहुधा हेपिस बफरमध्ये येतं. मग कंट्रोलही त्याच बफरचा.

५. पेशी पेरणं

एमसीएफ-७ पेशी एकमेकींना धरून राहतात. ट्रिप्सिननंतर (पेशी तळापासून सोडवणारं विकर) गठ्ठे राहिले तर एका वेलमध्ये दुप्पट आणि दुसऱ्यात निम्म्या पेशी पडतात, आणि मग इन्सुलिनचा परिणाम कितीही खरा असला तरी दिसत नाही. ट्रिप्सिन सिरमने थांबवल्यावर १ मिलिलिटरच्या टिपने दहा-पंधरा वेळा वरखाली करा, मग ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. सूक्ष्मदर्शकाखाली बहुतेक पेशी सुट्या दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

१२ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला ४०,००० पेशी, १ मिलिलिटर मीडियममध्ये, आणि यावेळी सिरमसह. बाटली दर तीन-चार वेलनंतर हलवत राहा, पेशी तळाला बसतात. प्लेट गोल फिरवू नका, पेशी मधोमध गोळा होतात. पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे हलवा आणि दहा मिनिटं हूडमध्येच स्थिर ठेवून मग इनक्युबेटरमध्ये न्या.

एक प्लेट जास्तीची पेरा. तिच्यावर ‘दिवस शून्य’ लिहा. ही प्लेट लोक वाचवतात आणि मग सगळा प्रयोग अर्धवट राहतो. का ते नवव्या टप्प्यात येईल.

६. सिरम काढून घेणं

२४ तासांनी पेशी पसरून चिकटल्या की मीडियम काढा. पीबीएसने दोनदा धुवा. एकदा धुऊन भागत नाही, तळाशी राहिलेल्या सिरमच्या थेंबात पुरेसा आयजीएफ असतो. आता फिनॉल रेड नसलेलं डीएमईएम/एफ-१२, ०.१% बीएसए, दर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम ट्रान्स्फेरिन आणि ५ नॅनोग्रॅम सेलेनाइट घाला. ट्रान्स्फेरिन आणि सेलेनियम सुटे विकत घ्या. आयटीएसमधून घेतलंत तर दुसरा टप्पा वाया गेला.

२४ तास असंच ठेवा. फार पेशी सुटून तरंगायला लागल्या तर सिरम पूर्ण काढण्याऐवजी चारकोल लावलेलं ०.५% सिरम ठेवा, पण मग ते प्रत्येक वेलमध्ये सारखं हवं आणि तसं वहीत लिहिलेलं हवं.

तपासा: २४ तासांनंतर ‘दिवस शून्य’ प्लेटमधल्या तीन-चार वेल मोजा. वेलवेलमधला फरक १५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पेरणीच नीट झालेली नाही. इन्सुलिन वाया घालवू नका, पुन्हा पेरा.

७. इन्सुलिन देणं

इथे काम थोडंच आहे. जुनं मीडियम काढा, तयार केलेल्या मात्रा कमीकडून जास्तीकडे या क्रमाने घाला, प्रत्येकी तीन वेल. मात्रांच्या जागा प्लेटमध्ये बदलून ठेवा, सगळे शून्य एकाच कडेला नकोत. कडेच्या वेलमधून बाष्पीभवन जास्त होतं.

मीडियम दर २४ तासांनी ताज्या इन्सुलिनसह बदला. पेशी इन्सुलिन आत घेऊन तोडतात, आणि मीडियममधलं सिस्टीन इन्सुलिनच्या दोन साखळ्यांना जोडणारे गंधकबंध तोडतं. एकदा घालून चार दिवस सोडून दिलं तर मोठी मात्रा कशीबशी टिकते आणि छोटी पहिल्याच दिवशी संपते. वरवर दिसतं की फक्त मोठ्या मात्रेलाच परिणाम आहे. कंट्रोलचंही मीडियम त्याच वेळी बदला.

८. मोजणी

एमटीटी या रंगावर आधारित चाचणीवर एकट्याने विसंबू नका. एमटीटी पेशी मोजत नाही, पेशींची क्षपण करण्याची चयापचयी क्षमता मोजते. इन्सुलिनचं कामच चयापचय वाढवणं आहे. पेशींची संख्या तेवढीच राहून ५७० नॅनोमीटरवरचं वाचन वाढू शकतं, आणि तेवढ्यावर ‘वाढ झाली’ असं लिहिलं जातं. हिमोसायटोमीटरने (चौकोन आखलेली, पेशी मोजायची काच) प्रत्यक्ष मोजा, किंवा होक्स्ट या रंगाने डीएनए मोजा. एमटीटी हवीच असेल तर या मोजणीच्या जोडीला.

हिमोसायटोमीटरचं गणित नीट समजून घ्या. वेलमधल्या पेशी ०.४ मिलिलिटरमध्ये घेतल्या तर ४०,००० पेशींचे दर मिलिलिटरला १ लाख होतात, म्हणजे एका मोठ्या चौकोनात सरासरी १०. सवयीने चार कोपरे मोजले की हातात ४० पेशी. मोजणीतली अपरिहार्य चूक म्हणजे त्या संख्येचं वर्गमूळ, इथे सहाच्या वर, म्हणजे १६ टक्के. इन्सुलिनचा परिणामच २० टक्के असेल तर तो यात बुडून जातो. दोन्ही कप्प्यांतले नऊच्या नऊ चौकोन मोजले की १८० पेशी होतात आणि चूक साडेसात टक्क्यांवर येते. वेळ लागतो. पण हा प्रयोग इथेच हरतो किंवा जिंकतो.

मेलेल्या पेशी ट्रिपॅन ब्लूने वेगळ्या मोजा आणि तरंगणाऱ्या पेशी टाकून देण्याआधी त्याही मोजून ठेवा. दिवस २ आणि दिवस ४, दोन वेळा मोजणी पुरते.

९. आकडा काय सांगतो

समजा चौथ्या दिवशी १० नॅनोमोलरच्या वेलमध्ये कंट्रोलपेक्षा दीडपट पेशी आहेत. पेशी जास्त विभागल्या? की कंट्रोलमधल्या पेशी सिरमविना मेल्या आणि इन्सुलिनने फक्त त्यांना जगवलं? दोन्हींत गुणोत्तर तेच येतं. उत्तर ‘दिवस शून्य’ प्लेट देते. कंट्रोल त्या आकड्याच्या खाली गेला असेल आणि इन्सुलिनची वेल जेमतेम तिथेच असेल, तर तुम्ही जगणं मोजलंत, विभाजन नाही. तोही खरा आणि महत्त्वाचा परिणाम आहे, फक्त त्याला त्याच्या नावाने लिहा.

विभाजनच दाखवायचं असेल तर इन्सुलिन दिल्यापासून १८ ते २४ तासांनी ईडीयू (नव्याने तयार होणाऱ्या डीएनएत शिरणारा खुणेचा रेणू) १० मायक्रोमोलर, दोन तास द्या आणि रंगलेल्या केंद्रकांचं प्रमाण काढा. बीआरडीयूनेही होतं, पण त्यात डीएनए उघडायला आम्ल लागतं आणि एमसीएफ-७ चे गठ्ठे त्यात सुटून जातात.

मग मात्रांचा आलेख बघा. १ ते १० नॅनोमोलरलाच चढ पूर्ण होत असेल तर इन्सुलिनच्या स्वतःच्या ग्राहीकडे बोट जातं. १०० च्या वरच चढ सुरू होत असेल तर आयजीएफ-१ च्या ग्राहीचा संशय घ्या. पण हा संशयच. खात्रीसाठी इन्सुलिन ग्राही अडवणारं एस-९६१ किंवा आयजीएफ-१ ग्राही अडवणारं अल्फा-आयआर-३ हे प्रतिद्रव्य लावून बघा. लिन्सिटिनिब दोन्ही ग्राही अडवतं, त्यामुळे या प्रश्नाला ते निरुपयोगी आहे. एमसीएफ-७ मध्ये दोन ग्राहींची अर्धी-अर्धी जोडलेली संकरित रूपंही असतात, म्हणून ‘फक्त याच ग्राहीतून’ असं वाक्य जपून लिहा.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेलची सरासरी हा एक आकडा. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर सगळं पुन्हा करा, असं तीनदा. मगच एनोव्हा आणि कंट्रोलशी तुलनेसाठी डनेट या सांख्यिकीय चाचण्या. प्रबंधात एन (प्रयोगांची संख्या) बरोबर ९ लिहिलेलं आणि प्रयोग एकाच आठवड्यातला, हे परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं.

१०. संदेश बघायचा असेल तर

फॉस्फो-एकेटी (इन्सुलिनच्या संदेशाने जागं झालेलं एकेटी प्रथिन) बघायला चार दिवस नकोत, १० मिनिटं पुरतात. अडचण वेगळीच आहे. नुसतं मीडियम बदललं तरी पेशी ढवळल्या जातात आणि एकेटी आणि ईआरके ही संदेश नेणारी प्रथिनं थोडी जागी होतात. म्हणून मीडियम न बदलता दसपट तीव्र इन्सुलिन थोड्या आकारमानात हळूच घाला, १ मिलिलिटरच्या वेलला ११० मायक्रोलिटर. कंट्रोललाही तितकंच बिनइन्सुलिनचं द्रावण. वेळ संपताच प्लेट बर्फावर, थंड पीबीएस, आणि फॉस्फेटेझ-रोधक घातलेला लायसिस बफर. रोधक आदल्या दिवशी घालून ठेवू नका, त्याच सकाळी घाला.

बारा वेलना एकदम इन्सुलिन देऊन मग एकेक गोळा करत बसलात तर शेवटच्या वेलला १० ऐवजी १८ मिनिटं मिळतात. वेलवेलमध्ये ३० सेकंदांचं अंतर ठेवून द्या आणि त्याच क्रमाने, त्याच अंतराने गोळा करा. घड्याळ धरायला दुसरा माणूस सोबत घ्या.